आमच्या म्हाताऱ्याने कोमुझ विकला

आमच्या म्हाताऱ्याचा डावा हात लग्नात मोडला. त्याच्या-माझ्या लग्नात नव्हे, माझ्या पुतण्याच्या. वय एकाहत्तर, पोटात कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, पाच वाडगे आणि समोर टाळ्या वाजवणारी चार माणसं, म्हणजे व्हायचं ते ठरलेलंच होतं. वाजवता वाजवता तीन तारांचा कोमुझ उलटा करायचा, मानेमागून खांद्यावर घ्यायचा आणि सूर न तोडता पुन्हा पुढे आणायचा, हा त्याचा तरुणपणीचा खेळ. तिशीत तो हे करायचा तेव्हा लोक टोप्या उडवायचे. त्या दिवशी कोमुझ खांद्यावर गेला, म्हातारा दोन पावलं मागे सरकला आणि मागे होता चुलीसाठी रचलेला लाकडांचा ढीग.

पडताना त्याने काय केलं असेल? उजव्या हाताने कोमुझ वर धरला आणि सगळं अंग डाव्या मनगटावर घेतलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. कोमुझवर साधा ओरखडा नाही. दवाखान्यात नेताना गाडीत मला विचारतो, "म्हातारे, तार सैल तर नाही ना झाली? बघ जरा."

मी बघितली. मूर्खासारखी.

हाड जुळलं, पण बोटं काही पुन्हा नीट मिटली नाहीत. चहाची वाटी धरता यायची, लगाम धरता यायचा, पण कोमुझच्या गळ्यावर बोटं पळवायची म्हणजे लगाम धरणं नव्हे. सुयुनाली, म्हणजे आमचा म्हातारा, तीस वर्षं आमच्या सारी-कुंगोय गावच्या शाळेत गाण्याचा मास्तर होता. गावातलं एकही लग्न, एकही बारसं असं झालं नाही की हा तीन तारांचं ते लाकूड मांडीवर घेऊन बसला नाही. आमच्या लग्नाच्या वर्षी ताशमात सुताराने जर्दाळूच्या एका ओंडक्यातून तो कोमुझ कोरून दिला. मी घरात आले शरदात, तो आला वसंतात, म्हणजे थोरली मीच. पण मान त्याला जास्त. हिवाळ्यात चुलीजवळची उबदार जागा त्याची, खिडकीजवळचा गारठा माझा. प्रवासाला निघालो की माझी चांगली शाल त्याच्या अंगावर.

हात मोडल्यावर दोन वर्षं रोज सकाळी म्हातारा कोमुझ खिळ्यावरून काढायचा, सूर लावायचा, उजव्या हाताने तीन मोकळ्या तारा छेडायचा आणि परत टांगायचा. मी म्हटलं, "अहो, गाय आटली तरी आपण रोज तिच्या आचळांना हात लावून बघतो का?"

तो म्हणाला, "न वाजवलेलं लाकूड बहिरं होतं, कल्बुबू. हा विकायला हवा. वाजवणाऱ्याला."

मी एवढंच ऐकलं की विकायचा. वाजवणाऱ्याला, हे त्याने पुढे जोडलंय, याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

वाजवणारं माणूस गावात एकच होतं. बुरुल, दवाखान्यातली नर्स. म्हाताऱ्याच्या तीस वर्षांच्या मास्तरकीचं सगळं पीक म्हणजे ही एक पोरगी. तो तिच्याकडे गेला, म्हणाला, अर्ध्या किमतीत घे. ती रडायलाच लागली. "आगाय," ती म्हणाली, आमच्याकडे मास्तरांना असंच म्हणतात, "आगाय, मला तीन पोरं, दोन गाई आणि एक सासू. मी कोमुझ घेऊन घरात शिरले, तर सासू मला त्यानेच बडवेल."

तिची सासू मला ठाऊक आहे. पोरगी खोटं बोलत नव्हती.

मग पुतण्याने फोनवर जाहिरात टाकली. ज्याच्या लग्नात हात मोडला तोच, त्याला अजून अपराधी वाटत होतं. आठ हजार सोम किंमत लिहिली. चार दिवसांनी शहरातून एक हॉटेलवाला आला. गुळगुळीत चेहरा, टोकदार बूट. कोमुझ हातात घेऊन त्याने वासराचं वजन बघावं तसा वरखाली केला आणि म्हणाला, "बरोबर बसेल. एका बाजूला चाबूक, एका बाजूला रानबोकडाची शिंगं, मध्ये हा."

"वाजवतं कोण तुमच्याकडे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वाजवायचा कशाला? स्पीकर आहेत. हा भिंतीवर. इथून एक खिळा घातला की..."

खिळा कुठून घालायचा ते त्याने बोटाने दाखवलं. बरोबर पोटाच्या मधोमध. म्हातारा उठला आणि त्याने दार उघडून धरलं. चहा न देता माणसाला घराबाहेर काढणं म्हणजे आमच्याकडे त्याला चारचौघांत थोबाडीत मारणं. मी चहाचा समोवार पेटवलेला होता, रोट्या मांडल्या होत्या, आठ हजार तर मनातल्या मनात खर्चसुद्धा केले होते. हॉटेलवाला गेला. मी दोन दिवस म्हाताऱ्याशी बोलले नाही. त्याला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर पंधरवड्याने एर्मात आला.

एर्मात हा जिल्ह्याचा संस्कृती अधिकारी. त्याला संस्कृती कुठून चिकटली देव जाणे. शाळेत तो म्हाताऱ्याकडेच होता. तीन तारांपैकी दोन त्याला वेगळ्या ऐकू यायच्या नाहीत, आणि तिसरी तो तोडायचा. पण बापाने त्याला राजधानीत शिकायला पाठवला. परत आला तो टाय लावून. पांढऱ्या गाडीतून उतरला, म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "आगाय! एजे! तुम्ही दोघं म्हणजे आमची जिवंत परंपरा!" एजे, म्हणजे मोठी ताई, ती मी.

"जिवंत आहोत तोवर चहा घे," मी म्हटलं.

कोमुझ बघायला मागितला. इतर कोणी जुनी वस्तू विकत घेताना डाग दिसला की तोंड वाकडं करतं, भाव पाडतं. हा मात्र डाग दिसेल तसा खुलत गेला.

"हे काय जळालंय?"

"हिने तवा टेकवला होता," म्हातारा म्हणाला. "एकोणऐंशी साली."

"गरम होता, कुठेतरी ठेवायला नको?" मी म्हटलं. "घरभर तुमचा कोमुझच पसरलेला."

"वा," एर्मात म्हणाला. "आणि हे खड्डे?"

"आमच्या थोरलीला दात येत होते. तिला दुसरं काही चावायला आवडायचंच नाही."

"वा वा! अप्रतिम! किती जुना म्हणालात?"

"आमच्या लग्नाइतका."

एर्मातचं तोंड जरा उतरलं. "त्याहून जुना नाही का होणार, आगाय?"

"लग्न आणखी मागे नेता येत नाही रे," म्हातारा म्हणाला. "हिच्या बापाने तेव्हाच कुठे हो म्हटलं."

एर्मात हसला आणि खिशातून पाकीट काढलं. म्हाताऱ्याने आठ सांगितले, मी चाळीस. एर्मात एकदासुद्धा 'एजे, काहीतरीच काय' न म्हणता पस्तीसला तयार झाला. मी नोटा दोनदा मोजल्या. सरकारी माणूस इतक्या चटकन पैसे काढतो तेव्हा ते त्याचे नसतात आणि सरकारचेही नसतात.

म्हाताऱ्याला पैशाचं काही नव्हतं. त्याने एकच विचारलं, "वाजेल का?"

"जिल्ह्यात संगीताची वास्तू उभी राहतेय, आगाय. दर रविवारी वाजेल."

"रोटीवर हात ठेव."

एर्मातने रोटीवर हात ठेवला. म्हणाला, "दर रविवारी न वाजला तर ही रोटी मला लागो." आणि त्याच हाताने रोटीचा तुकडा तोडून लोण्यात बुडवून खाल्ला. त्याला काहीच झालं नाही. त्याचं पोट शाळेपासून मजबूत.

म्हाताऱ्याने सूर लावला, कोमुझ माझ्या शालीत गुंडाळला आणि गाडीत मागच्या सीटवर आजारी माणसाला निजवावं तसा ठेवला. गाडी गेली. शालही गेली.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. उबदार जागा मोकळी झाली, मी माझं अंथरूण तिकडे नेलं. पण तो सकाळी उठला, भिंतीकडे गेला, खिळ्याकडे बघत उभा राहिला आणि मग जणू काही खिळाच बघायला आला होता अशा थाटात म्हणाला, "हा गंजलाय." मी पाठ फिरवून चुलीत शेण्या सारल्या. डोळ्यांत धूर गेला, असं मी त्याला सांगितलं.

त्या पैशातून मी कपडे धुवायचं यंत्र घेतलं. एवढं तरी सांगायला हवं.

दोन महिन्यांनी लाल छापील आमंत्रण आलं. 'महान कोमुझवादक बाइझाक यांची एकशे पन्नासावी जयंती आणि स्मारक संग्रहालयाचं उद्घाटन.' मी ते तीनदा वाचलं. म्हाताऱ्याला दिलं, त्याने चष्मा लावून वाचलं.

"कोण बाइझाक?" मी म्हटलं. "मेंढरं न्यायचा तो?"

कारण आमच्या गावाला एकच बाइझाक माहीत होता. झारच्या काळात तो वसुलीला फिरायचा. तो खिंडीतून दिसला की माझी आजी कोकरं पलंगाखाली लपवायची आणि वर स्वतः झोपून आजारी पडायची. त्याची बोटं एवढी जाड की कोटाचं बटण त्याची बायको लावून द्यायची, असं आजी सांगे. त्याने कोमुझ वाजवला असेल तर फक्त कोणाच्या तरी डोक्यात. पण त्याला एक नातू होता, ओमुर्झाक. ओमुर्झाकचे राजधानीत चार पेट्रोल पंप, एक बर्फाचं गोदाम आणि आता त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. वसुलीवाल्याचा नातू म्हणवून घेणं कोणालाच नको असतं, पण महान कलावंताचा नातू असलं की पत्रकावर शोभून दिसतं. त्यामुळे आजोबा उशिराने कलावंत झाले.

आम्ही गेलो. न जाऊन कसं चालेल? सगळं गाव गेलं. माळावर बारा तंबू, नऊ घोडी कापलेली, मेंढ्या किती ते विचारू नका. घोडेस्वारांचा बोकड ओढाओढीचा खेळ चाललेला, भोंग्यावर गाणी. गावच्या जुन्या वाचनालयाला निळा रंग देऊन त्याचं संग्रहालय केलेलं. आत बाइझाकचं खोगीर, बाइझाकचा चाबूक, बाइझाकचा वाडगा आणि मधोमध काचेच्या पेटीत दिव्याखाली...

मी म्हाताऱ्याची बाही धरली. तो आधीच थांबला होता.

आमच्या कोमुझला कसलातरी काळपट रंग फासला होता. बुटाचं पॉलिश असावं, वासावरून तरी. खाली पितळी पट्टी: 'बाइझाक यांचा कोमुझ. अठराशे नव्वदचं दशक.' आणि बाजूला एर्मात, नवा टाय लावून, राजधानीहून आलेल्या पाहुण्यांना काठीने दाखवत होता. बाइझाकला तो 'आता' म्हणत होता, म्हणजे थोर आजोबा.

"हा जळका डाग पाहा. एकोणीसशे सोळा साली, झारविरुद्धच्या उठावात, लोक बर्फाची खिंड ओलांडून पळाले. बाइझाक-आतांनी कडाक्याच्या थंडीत शेकोटीजवळ बसून रात्रभर कोमुझ वाजवला आणि लोकांचा धीर टिकवला. ठिणगी उडाली, पण त्यांनी वाजवणं थांबवलं नाही."

एका पाहुणीने छातीवर हात ठेवला.

सोळा साली माझ्या आजीची दोन भावंडं त्या खिंडीत गोठून मेली. बाइझाक तेव्हा खाली दरीत, मागे राहिलेली गुरं मोजत होता. मी बोलायला तोंड उघडायच्या आत एर्मातची काठी पुढे सरकली.

"आणि या दातांच्या खुणा! लांडग्याने हल्ला केला तेव्हा आतांनी..."

"आमच्या नूरजमालचे आहेत ते!" मी म्हटलं. मोठ्यानेच म्हटलं. "दुधाचे दात! आणि तो तवा माझा!"

कोणी वळून बघितलं नाही. म्हणजे पाहुण्यांनी नाही. गावच्यांनी बघितलं. शेजारची शायिरकुल माझ्या दंडाला धरून म्हणाली, "कल्बुबू, चल ना. मांस गार होतंय."

"शायिरकुल, तुझ्या चारही पोरांच्या बारशाला हाच वाजला ना?"

"हो गं. चल, चरबीचे तुकडे संपतील."

असं गाव. पाचशे माणसं, पाचशेच्या पाचशे जणांना तो कोमुझ स्वतःच्या काकाला ओळखावं तसा ओळखू येत होता, आणि सगळ्यांच्या हातात हाड होतं. एकालाही भरल्या तोंडाने बोलवेना. खोटं का बोलू, मीही नंतर खाल्लं. घोडीचं मांस चांगलं शिजलं होतं.

मग भाषणं झाली. ओमुर्झाकने आजोबांबद्दल बोलताना दोनदा डोळे पुसले. एकदा कोरडेच पुसले. शेवटी एर्मातने भोंग्यावरून सांगितलं, "आता गावचे सर्वांत ज्येष्ठ कोमुझवादक सुयुनाली आगाय आशीर्वाद देतील." बहुधा त्याला वाटलं, म्हाताऱ्याला मान दिला की म्हातारा गप्प बसेल.

म्हातारा व्यासपीठावर चढला. मी मनात म्हटलं, आता सांगेल. अठ्ठेचाळीस वर्षांत या माणसाने खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझा नवीन झगा आवडला का विचारलं तरी खरं सांगायचा, आणि आम्ही आठवडाभर भांडायचो.

तो माइकसमोर उभा राहून म्हणाला, "मला बोलायला येत नाही. आधी हा वाजवा. मग आशीर्वाद देतो."

एर्मात पांढरा पडला. पण ओमुर्झाक खूश. "वाजवा, वाजवा! आतांचा कोमुझ वाजलाच पाहिजे!" पेटी उघडली. राजधानीच्या वाद्यवृंदातली एक मुलगी पुढे आली, मोठी पांढरी पिसांची टोपी घातलेली. कोमुझ हातात घेतला, तारा चाचपल्या आणि वाकून म्हाताऱ्याला हळूच म्हणाली. मी पहिल्या रांगेत होते, मला ऐकू आलं. "आगाय, या तर मासे पकडायच्या नायलॉनच्या तारा आहेत. आणि लाकूडही शंभर वर्षांचं नाही."

मी खुर्चीतून अर्धी उठले. आता!

म्हातारा म्हणाला, "गप्प बस पोरी. मधली तार थोडी चढव, ती गारठ्यात उतरते. आणि वाजव."

तिने वाजवला. पोरगी चांगलीच होती, नाही म्हणणार नाही. पॉलिश फासलेलं असूनही आवाज तोच, थोडा घोगरा, जर्दाळूच्या लाकडाचा. सगळ्या तंबूंमधलं चावणं थांबलं. शायिरकुल माझ्याकडे न बघता झग्याला हात पुसत होती. म्हातारा डोळे मिटून उभा, डाव्या हाताची वाकडी बोटं हवेत हलत होती. वाजून झाल्यावर त्याने दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद दिला. कोणाला दिला ते काही मला कळलं नाही.

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. दार लावलं आणि मग बोलले.

"तुमच्या कोमुझवर त्या मेंढरं चोरणाऱ्याचं नाव! आणि तुम्ही त्याला आशीर्वाद देऊन आलात?"

"वाजला ना," तो म्हणाला.

"एकदा वाजला! रोटीवर हात ठेवून दर रविवार म्हणाला होता तो!"

"हो," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. या माणसाशी भांडणं म्हणजे धुक्याला काठीने मारणं.

म्हणून सोमवारी मीच जिल्ह्याला गेले. पेटीतून आमच्या लग्नानंतरच्या वसंतातला फोटो काढून बरोबर घेतला. त्यात म्हातारा बसलाय, काळेभोर केस, मांडीवर कोऱ्या लाकडाचा कोमुझ. शेजारी ताशमात सुतार, हातात अजून लाकूड कोरायचं किकरं. एक फोटो नूरजमालचाही, कोमुझचं टोक तोंडात घातलेला. एर्मातच्या टेबलावर दोन्ही ठेवले.

"लांडगा ओळखतोस का?" मी विचारलं.

एर्मातने उठून दार लावलं. "एजे, चहा घ्याल?"

"चहा तुझ्या ओमुर्झाकच्या विरोधात जो उभा आहे ना, त्याच्याकडे घेते. त्याच्याकडे म्हणे बिस्किटंही देतात."

"एजे, तुमचं म्हणणं तरी काय? कोमुझ परत? तो तर आता राष्ट्रीय..."

"परत नको. वाजायला हवा. रोटीवर हात कोणी ठेवला होता?"

त्याला घाम फुटला. टाय सैल केला. शेवटी म्हणाला, संग्रहालयाला राखणदार हवाच आहे, आगायना नेमतो. पगार थोडा आहे. पेटीची किल्ली त्यांच्याकडे. बंदच्या दिवशी, म्हणजे सोमवारी, आत काय वाजतं ते ऑफिस बघणार नाही.

"आणि माझी शाल," मी म्हटलं.

शाल त्याच्या बायकोच्या अंगावर होती. दुसऱ्या दिवशी धुऊन पाठवली.

अशा रीतीने म्हाताऱ्याला नोकरी लागली. सोमवारी दुपारी बुरुल दवाखान्यातून सुटली की संग्रहालयात जाते. सासूला सांगितलंय, सरकारी साफसफाईची ड्यूटी आहे. सासूला त्याचा अभिमान आहे. तासभर ती वाजवते, म्हातारा ओरडतो, "अंगठा! अंगठा झोपला तुझा!" आणि घरी येतो तेव्हा दोन वाडगे जास्त जेवतो. त्या भागापुरतं सगळं बरं झालं असं मी म्हणेन.

पण बाकीचे दिवस पाहुणे येतात.

पहिला आठवडा म्हातारा तोंड मिटून कोपऱ्यात बसायचा. लोक पेटीत बघायचे, जांभई द्यायचे, निघून जायचे. ते त्याला सहन होईना. कोमुझसमोर जांभई! मग एकदा दूरदेशीचं एक जोडपं आलं, दुभाष्याबरोबर. बाईने दातांच्या खुणांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? म्हातारा मला सांगत होता की तो 'माझी मुलगी' असं म्हणायलाच निघाला होता.

"मग काय म्हणालात?"

"लांडगा."

"अहो!"

"एवढे मोठे डोळे केले तिने, कल्बुबू. मग पेटी उघडून जवळून दाखवावा लागला. तारा छेडल्या. ती रडली."

त्यानंतर तो सुटलाच. महिनाभरात एका लांडग्याचे तीन झाले. ठिणगीची शेकोटी झाली, शेकोटीची आग, आगीत जळणारा तंबू आणि तंबूत अडकलेलं बाळ. ते बाळ बाइझाक कोमुझसकट बाहेर काढतो. एकदा मी त्याला डबा द्यायला गेले आणि दारात उभी राहून ऐकलं. इतकं छान सांगत होता की क्षणभर माझाच जीव त्या बाळासाठी वरखाली झाला. मग लक्षात आलं की तो आपलाच स्वभाव बाइझाकला देऊन टाकतोय. बाइझाक पडतो तेव्हा कोमुझ वर धरतो. बाइझाक न वाजवणाऱ्याला दाराबाहेर काढतो. बाइझाकची बायकोसुद्धा आहे गोष्टीत, जिभेने तिखट.

"ती तशीच होती का?" मी घरी विचारलं.

"इतिहासात तसंच आहे," तो म्हणाला. लाज नाही, काही नाही. निवृत्त झालेला मास्तर!

ओमुर्झाक निवडून आला. एक दिवस बड्या लोकांना घेऊन संग्रहालयात शिरला, म्हाताऱ्याची गोष्ट ऐकली आणि या वेळी त्याने डोळे पुसले ते ओले होते. स्वतःचा आजोबा इतका थोर असेल याची त्यालाही कल्पना नव्हती. बाहेर येऊन तिथल्या तिथे जाहीर केलं की संग्रहालयासमोर आतांचा पुतळा उभारायचा.

शिल्पकार आला, पोट सुटलेला, सारखा सिगारेट ओढणारा. त्याने फोटो मागितला. बाइझाकचा फोटो कुठला? वसुली करणारे फोटो काढून घेत नसत. चित्र नाही, वर्णन नाही, फक्त कोटाच्या बटणाची गोष्ट, आणि ती सांगायची कोणी? तेव्हा एर्मातने म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "आगाय, तुम्ही बसा ना. तुम्हाला कोमुझ कसा धरतात ते तरी माहीत आहे."

अकरा दिवस म्हातारा स्टुलावर बसला, नवा कल्पाक, म्हणजे आमची उंच लोकरी टोपी, घालून, मांडीवर कोमुझ. मी रोज डबा घेऊन जायचे. शिल्पकाराने डावा हात मात्र सरळ केला. म्हणाला, मोडकी बोटं पितळेत चांगली दिसत नाहीत. म्हातारा त्या मातीच्या हाताकडे फार वेळ बघत राहायचा. एकदा त्याने ओल्या मातीचं करंगळीचं टोक हळूच दाबून थोडं पुढे सरकवलं. "आता मधली तार नीट लागेल," म्हणाला. शिल्पकाराने ते तसंच ठेवलं.

पडदा दूर झाला त्या दिवशी सगळं गाव पुन्हा जमलं. या वेळी चार घोडी, निवडणूक संपलेली होती. पुतळा बघून लोकांनी आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपापल्या वाडग्यात. शायिरकुल म्हणाली, "कल्बुबू, मिशी जरा जास्त झाली नाही का?"

"बाइझाकची आहे ती," मी म्हटलं. "मला काय विचारतेस?"

ओमुर्झाक पुतळ्याभोवती दोनदा फिरला. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. एर्मातला बाजूला घेऊन म्हणाला, सगळं उत्तम आहे, पण नाक आमच्या घराण्याचं नाही. त्यांच्या घराण्याचं नाक बसकं, आणि म्हाताऱ्याचं आहे गरुडासारखं. चार दिवसांनी एक कामगार शिडी आणि विजेची कानस घेऊन आला. दिवसभर किर्र किर्र चाललं होतं, गावात कोणाला दुपारची झोप नाही. तेव्हापासून संग्रहालयासमोर नाक ओमुर्झाकचं आहे, बाकी सगळा आमचा म्हातारा. नव्या नवऱ्या लग्नानंतर तिथे फुलं वाहायला येतात, आणि म्हातारा आत खुर्चीवर बसून खिडकीतून मोजतो, आज किती आल्या.